कोब्याची पिवळी पट्टी

१ नोव्हेंबर १९९९, सोमवार

शेवटी व्हायचं ते झालंच. सकाळी जिन्यात कोब्यानं दूधवाल्याची पँट धरली. दात कातडीला लागला नाही, पण पँट टरकन फाटली आणि त्या माणसानं असा गळा काढला की तिन्ही मजल्यांची दारं उघडली. मी साखळी ओढत वर आले. दार लावून घेतलं. मीही आत बसले आणि कुत्राही.

संध्याकाळी हिम्मतराव आले. आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी. मूळचे नांदेडकडचे, वीज मंडळातून रिटायर झालेले. तेलुगू मुलखातल्या या इमारतीत मराठी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक माझं. म्हणून मी खुर्ची दिली, चहा विचारला. बसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, कमिटीत ठरलंय. पुन्हा कुणाला याचा दात लागला तर म्युनिसिपालटीची गाडी बोलवायची. मला वाईट वाटतं, पण माझ्या हातात काही नाही."

वाईट वाटतं म्हणे. जिना उतरताना शीळ घालत गेले.

ती गाडी मी पूर्वी नारायणगुड्याला राहत असताना पाहिलीय. तीतून गेलेलं कुत्रं परत आलेलं मात्र पाहिलेलं नाही.

खरं तर कुत्रा माझा नाही. मला कुत्र्यामांजरांची हौस कधीच नव्हती. युवराजनं आणला, नाव ठेवलं कोबोल. का, तर ती संगणकाची भाषा आहे आणि तिच्यावर म्हणे त्याचं पोट आहे. मी कोब्या म्हणते. जूनमध्ये पोरगा अमेरिकेला गेला. "आई, सहा महिन्यांचाच प्रश्न आहे. वाय-टू-के, म्हणजे दोन हजार साल लागताना संगणक बंद पडू नयेत याचं काम, संपलं की जानेवारीत येतो," म्हणाला, आणि कुत्रा, हा कुकटपल्लीचा फ्लॅट आणि कंपनीनं फुकट दिलेली ही कोरी डायरी माझ्या गळ्यात टाकून गेला. कुत्रा पूर्वी असा नव्हता. युवराज गेल्यापासून त्याला कुणी जवळ आलेलं खपत नाही.

४ नोव्हेंबर, गुरुवार

कोब्याला मूसापेटला कादरी डॉक्टरांकडे नेलं. जनावरांचे डॉक्टर, म्हातारे, तरुणपणी मलकपेटला शर्यतीच्या घोड्यांकडे होते. इंजेक्शनं सगळी झालेली आहेत म्हणाले. मग पाच-दहा मिनिटं नुसते त्याच्याकडे तिरके बसून राहिले, हातसुद्धा लावला नाही. मला वाटलं, हे फी कशाची घेणार.

मग म्हणाले, "अम्मा, ये गुस्सेवाला नै है, डरता. कुत्ता पहले शराफत से बोलता. मुँह फेर लेता, जबान होंटां पे फेरता, नींद नै रहे तो भी जम्हाई लेता, आँख का सफेदा दिखाता. इत्ता बोलने पे भी कोई नै सुना तो फिर काटता. और लोगां बोलते, अचानक काटा."

मी म्हटलं, मला कळलं, पण अख्ख्या कॉलनीला कोण शिकवणार? तर त्यांनी घोड्यांची गोष्ट सांगितली. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधतात. मागून येणाऱ्याला लांबूनच समजतं आणि तो अंतर ठेवतो. "तुम भी कुछ बांधो. दूर से दिखना."

आणि ज्याला याच्याशी मैत्री करायची त्यानं काय करायचं, तर सरळ अंगावर यायचं नाही. लांब, आडवं बसायचं. बोलवायचं नाही, काही विचारायचं नाही, आपलं काहीतरी करत राहायचं. त्याला वाटलं तर तो आपणहून येईल. नाही वाटलं तर नाही.

निघताना विचारलंच त्यांनी, "बेटा कब आरा?" जानेवारीत, म्हटलं, आणि भरदुपारी मला मेली जांभई आली. हल्ली झोप नीट होत नाही.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

लाल फीत बांधून पाहिली. कोब्याचा रंगच तांबूस, फीत दिसेचना. मग युवराजचं कपाट उघडलं. कंपनीनं वाटलेला एक पिवळाधम्मक टी-शर्ट घडी करून ठेवलेला होता. तो फाडला. एक रुंद पट्टी गळ्यात बांधली, एक साखळीला. फाडताना आवाज जरा मोठाच झाला, कोब्या पलंगाखाली जाऊन बसला.

उरलेला टी-शर्ट परत घडी करून ठेवला. कशासाठी, मलाच ठाऊक.

७ नोव्हेंबर, रविवार. लक्ष्मीपूजन

चार वाजल्यापासून फटाके. कोब्या न्हाणीघरात बादलीमागे. मीही तिथंच पाट घेऊन बसले. युवराजचा फोन आला. "आई, फराळ केलास का?" केला म्हटलं. एकटीसाठी कोण चकल्या तळतंय? "कोबोल कसा आहे?" मजेत आहे म्हटलं. "इथं काम फार आहे गं, वाय-टू-केमुळे श्वास घ्यायला वेळ नाही," आणि फोन ठेवला.

हे असते तर म्हणाले असते, पद्मावती, न्हाणीघरात लक्ष्मी येत नसते. आबिड्सच्या पोस्टात जन्मभर शिक्के मारले, पण दिवाळीला घरात रोषणाई करायचे नामदेवराव.

११ नोव्हेंबर, गुरुवार

पट्टीला गुण आहे म्हणायचा. आज गेटवर वॉचमननं कोब्याला वाट करून दिली आणि चक्क हात जोडले. मला वाटलं मला जोडले, मीही जोडले. इस्त्रीवाला ठेला बाजूला घेऊन उभा राहिला. दोन बायका पदर सावरून कडेला झाल्या. कादरी डॉक्टरांचं डोकं खरंच चालतं. कोब्यानं पायात घातलेली शेपूट आज जराशी बाहेर काढली.

१४ नोव्हेंबर, रविवार

काय लिहू आणि कसं लिहू!

सकाळी खाली उतरते तो तळमजल्यावरची सत्यवती दारात उभी. करीमनगरकडची पोर, पंचविशीची असेल. नवरा दुबईला, ही सासूबरोबर राहते आणि ब्लाउज शिवते. आजवर आमचं बोलणं हूक-बटणाइतकंच. हातात ताट, ताटात हळद आणि ज्वारीची भाकरी. "अम्मा, मल्लन्ना कुक्का कदा?" म्हणाली. मल्लन्नाचं कुत्रं ना हे?

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं लख्ख उजेड पडला. आमचा खंडोबा तोच यांचा मल्लन्ना. त्याचा वार रविवार, त्याची पिवळी हळद, त्याच्या पायाशी कुत्रं. आणि मी पिवळं फडकं कुत्र्याच्या गळ्यात बांधून आठवडाभर कॉलनीतून मिरवतेय! आमच्या घरचं कुलदैवत खंडोबा, सासरचं आणि माहेरचंही, आणि माझ्याच ध्यानात येऊ नये? हे गेल्यापासून देव्हाऱ्यावर पडदा ओढला तो ओढलाच, म्हणून असेल. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात. इथं खंडोबा झाला.

मी सांगणारच होते तिला. तोंड उघडलंही. तेवढ्यात जिन्यावरून हिम्मतराव आणि त्यांच्या सुशीलाबाई उतरल्या. चपला दोन पायऱ्या वरच काढलेल्या. हिम्मतरावांनी कोब्यापुढची माती कपाळाला लावली आणि म्हणाले, "वहिनी, खंडोबाच्या नावानं सोडलेला आहे हे आधी नाही का सांगायचं? माझ्या तोंडून नको ते गेलं. गाडीबिडीचं विसरा आता."

गाडीचं विसरा म्हणाले.

मी काही बोलले नाही. खोटं बोलले नाही, पण बोलले नाही. सत्यवतीनं भाकरी पुढं केली, कोब्यानं तोंड फिरवलं. मग मी हातात घेऊन त्याला दिली.

१७ नोव्हेंबर, बुधवार

आज कुणी आलं नाही. बुधवारी कोण येणार?

२१ नोव्हेंबर, रविवार

घरात माणसं आली. जूनपासून या उंबऱ्यावर गॅसवाला आणि एकदा हिम्मतराव सोडून कुणी पाय ठेवला नव्हता. आज सुशीलाबाई, तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी, सत्यवती आणि तिची सासू. मी पोहे केले, ते पुरले नाहीत, पुन्हा केले. सुशीलाबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या आणि वसमतच्या त्यांच्या जावेच्या कागाळ्या सांगितल्या. कानाला किती बरं वाटलं! मराठीतल्या कागाळ्या ऐकून युग लोटलं होतं.

कोब्या दाराशी बांधलेला. ज्याला यायचं तो डोक्याला हळद लावतो, पाया पडतो. तो सारखी जांभई देत होता. थकला असेल.

सगळ्यांनी विचारलं, मुलगा कधी येणार. जानेवारीत, सगळ्यांना सांगितलं. बोलून बोलून ओठ कोरडे पडले, सारखी जीभ फिरवावी लागत होती.

२९ नोव्हेंबर, सोमवार

काल युवराजचा फोन आला नाही. काल घरात इतकी माणसं होती की आला असता तरी ऐकू गेला नसता, असं मी कोब्याला सांगितलं.

मनात आलं, पट्टी काढून टाकावी. देवाच्या नावावर असं करणं बरं नाही. पण काढली की हिम्मतराव विचारणार, आणि मग गाडी. म्हणजे पट्टी कुत्र्याच्याच भल्याची आहे.

हे लिहून ठेवलं म्हणजे खरं होईल का, कोण जाणे. रविवारसाठी रवा भाजून ठेवला.

१२ डिसेंबर, रविवार

या आठवड्यात चंपाषष्ठी, म्हणून हिम्मतरावांनी तळी आमच्याकडेच भरली. वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे मी केले. इतक्या वर्षांनी देव्हाऱ्याचा पडदा सरकवला, ताम्हन घासलं. ताम्हनात विड्याची पानं, खोबरं, भंडारा, आणि पाच बाप्ये ती तळी उचलून "सदानंदाचा येळकोट" म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. नामदेवरावांचा आवाज यात असायला हवा होता. भंडारा उधळला, भिंती पिवळ्या झाल्या, कोब्या पिवळा झाला. त्यानं एकदम सगळं अंग झाडलं, ओला नसताना. सगळे हसले. मीही हसले.

सत्यवती शेवटी राहिली, भांडी घासू लागली. सांगत होती, नवऱ्याचं पत्र श्रावणापासून नाही. कंपनी बंद पडली असं कुणी म्हणतं, दुसरी केली असं कुणी म्हणतं. "मल्लन्ना कू बोली मैं, अम्मा. इस रविवार से पाँच रविवार इसके माथे को हळद लगाती. पाँचवे को वो आना." मी भांडं विसळत राहिले.

२६ डिसेंबर, रविवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

आज गर्दी जास्त होती, नाताळची सुटी. शेजारच्या कॉलनीतलेही आले होते. कोब्या दाराशी कोपऱ्यात. सत्यवती हळदीची वाटी घेऊन त्याच्यापुढं बसली, अगदी तोंडासमोर. इकडं मी सुशीलाबाईंना सांगत होते की युवराज जानेवारीत येणार, मला थोडे दिवस तिकडं नेणार, व्हिसाचे कागद पाठवलेत. कागदबिगद काही नाहीत. बोलता बोलता माझी नजर कोब्यावर गेली. त्यानं तोंड फिरवलं. जीभ फिरवली. जांभई दिली. मग डोळ्याचा पांढरा भाग दिसला, अगदी कादरी डॉक्टरांनी सांगितला तसा.

मी पाहिलं. पाहिलं, आणि व्हिसाचं बोलणं पुरं केलं.

मग सत्यवतीची किंकाळी. अंगठ्याच्या बुडाशी दात रुतला होता, रक्त हळदीत मिसळलं. मला वाटलं, संपलं सगळं, आता गाडी. तर हिम्मतराव हात वर करून म्हणाले, "येळकोट! देवानं खूण दिली पोरीला!" आणि सगळे येळकोट म्हणाले. सत्यवतीची सासू रडत तिच्या कपाळाला भंडारा लावू लागली. आणि ती पोर, हाताला पदर गुंडाळलेला, हसत होती.

सगळे गेल्यावर कोब्याची पट्टी सोडायला गेले. मला पाहून तो भिंतीला चिकटला.

२७ डिसेंबर, सोमवार

कादरी डॉक्टरांकडे एकटी गेले. म्हणाले, कुत्र्याला लस दिलेली आहे, लक्ष ठेवा, पण त्या पोरीला इंजेक्शनं सुरू करायलाच हवीत, आजच्या आज. आता पोटात देत नाहीत, दंडात देतात. पट्टी बांधून काटा कैसे, विचारत होते. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "फीता तो दूर रहो बोलने को था, अम्मा," एवढंच म्हणाले.

परत येऊन सत्यवतीकडे गेले. हाताला नुसती हळद बांधलेली. दवाखान्यात चल म्हटलं तर दोघी सासू-सुना माझ्याकडं बघतच राहिल्या. देवाच्या कुत्र्याला विष असतं का, अम्मा? सुई घेतली तर मल्लन्नावर विश्वास नाही असं होईल आणि नवस फुकट जाईल. हिम्मतरावांनीही तेच सांगितलंय.

म्हणजे आता एकच उपाय उरला. मला तो वर येताना तिसऱ्या पायरीवरच कळला होता. दार लावून घेतलं आणि दिवसभर बाहेर पडले नाही. खरं सांगितलं तर हिम्मतराव कोब्याला एक दिवस ठेवायचे नाहीत. आणि रविवारी घरात कुणी येणार नाही. दोन्ही लिहिलं. आधी कुठलं मनात आलं ते लिहीत नाही.

२८ डिसेंबर, मंगळवार

सकाळी चहासुद्धा न घेता खाली गेले. टी-शर्टाचा उरलेला तुकडा बरोबर नेला. सासू नळावर होती. सत्यवती मशीनवर बसलेली, एका हातानं चाक फिरवत होती.

तुकडा तिच्यापुढं ठेवला आणि सांगितलं. ही देवाची पट्टी नाही. माझ्या मुलाचा टी-शर्ट आहे, मी फाडला. कुत्रं भित्रं आहे, लोकांनी लांब राहावं म्हणून बांधली होती. तुम्ही सगळे जवळ आलात, आणि मी येऊ दिलं.

तिला समजायला वेळ लागला. मग म्हणाली, "तो मेरा नवस? पहुँचाच नै क्या, अम्मा?"

मी म्हटलं, नवस देवाला केलास, कुत्र्याला नाही. पण ते मलाच पटलं नाही आणि तिलाही नाही. तिनं तो तुकडा उचलला, शिलाई निरखली, तिची सवय, आणि परत ठेवला. मग उठून चपला घातल्या. दवाखान्यापर्यंत बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. सुई टोचली तेव्हा ती रडली. सुईसाठी नाही.

येताना हिम्मतरावांच्या दारात थांबून त्यांनाही सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. "वहिनी, मी त्याच्यापुढं तळी उचलली हो," म्हणाले. गाडीचं काही बोलले नाहीत. सुशीलाबाईंनी आतून दार लोटून घेतलं.

३० डिसेंबर, गुरुवार

कमिटी बसली. मला बोलावलं नव्हतं, वॉचमनकडून समजलं. गाडी बोलवायचीच असं दोघा-तिघांचं म्हणणं पडलं. तेव्हा सत्यवती आपण होऊन आत गेली. हात पुढं करून म्हणाली, दात मला लागलाय, तक्रार माझी असायला हवी, माझी तक्रार नाही. कुत्र्यानं आधी तोंड फिरवलं होतं, मला दिसलं होतं, तरी मी हात पुढं केला. मग हिम्मतरावांनी निकाल दिला. कुत्रं राहू दे, पण पिवळी पट्टी गळ्यात हवी आणि तोंडाला जाळी हवी. पट्टी कशाची ते आता सगळ्यांना ठाऊक आहे.

सत्यवतीनं हे माझ्यासाठी केलं की कुत्र्यासाठी, मला समजलं नाही.

१ जानेवारी २०००, शनिवार

काही झालं नाही. संगणक बंद पडले नाहीत, विमानं पडली नाहीत, दिवे गेले नाहीत. टीव्हीवर सगळे नाचत होते.

आता वाय-टू-के संपलं.

२ जानेवारी, रविवार

युवराजचा फोन. नवीन प्रोजेक्ट मिळालंय, दोन वर्षांचं. "आई, एवढी चांगली संधी कोण सोडतं?" कुणीच नाही, म्हटलं. "कोबोलला देऊन टाक ना कुणाला तरी. तू लातूरला मामाकडे जाऊन राहा, फ्लॅट भाड्यानं देऊ." बघते म्हटलं. बरं झालं फोन होता, समोर असता तर मला तोंड कुठं लपवावं कळलं नसतं.

दार वाजलं नाही. रवा भाजलेला तसाच डब्यात आहे.

९ जानेवारी, रविवार

पट्टी आता अगदी नीट काम करते. लोक लांबून बघतात आणि रस्ता ओलांडतात. गेटवर वॉचमन वाट देतो, हात जोडत नाही. कोब्यानं शेपूट सैल सोडलीय, हुंगत हुंगत चालतो. त्याला हवं होतं तसं झालं. फोन आला नाही.

११ जानेवारी, मंगळवार

सत्यवतीला पुढच्या इंजेक्शनाला घेऊन गेले. प्रत्येक वेळी मीच नेते. बसमध्ये काहीतरी बोलायचं म्हणून तिला कादरी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. कुत्र्याला जागा कशी द्यायची, आडवं कसं बसायचं, का विचारायचं नाही. ती नीट ऐकत होती, मध्येच माझ्याकडं बघत होती.

उतरताना इस्त्रीवाला भेटला, "अम्मा, जनवरी लग गया, बेटा आया क्या?" मी तोंड फिरवून घड्याळ पाहू लागले. तेवढ्यात सत्यवतीच मध्ये पडली, तिला कसली घाई झाली होती कोण जाणे. "अम्मा, चलो, घर चलते," म्हणून माझी पिशवी घेऊन चालायलाच लागली.

१५ जानेवारी, शनिवार

संक्रांत झाली. नारायणगुड्याला असताना तिळगूळ पुरायचा नाही. यंदा एका वाटीचा केला. दाराशी सकाळी कागदात बांधलेले दोन लाडू ठेवलेले दिसले. तिळाचे, गूळ जरा जास्त. दार वाजवलं नव्हतं. सुशीलाबाई साखरेचे करतात, म्हणजे त्यांचे नव्हेत.

२३ जानेवारी, रविवार

दुपारी कोब्याला कॉलनीमागच्या तळ्यावर नेलं. उन्हाची वेळ, तिथं कुणी नसतं. कट्ट्यावर बसले. कोब्या सावलीत पडला, जाळी काढून दिली.

थोड्या वेळानं सत्यवती आली. आज तिचं इंजेक्शन नव्हतं, काही काम नव्हतं माझ्याकडं. सरळ आली नाही. लांबून वळसा घेऊन कट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसली, आमच्याकडं खांदा करून, तोंड पाण्याकडं. पिशवीतून ब्लाउज काढला आणि हूक लावत बसली. हाक नाही, मान वर नाही. मला मनात हसू आलं. बसमध्ये सांगितलेलं पोरीनं अक्षर न् अक्षर ध्यानात ठेवलं होतं. ज्यानं चावलं त्याच्याशी मैत्री करायला एवढं कोण करतं? एका कुत्र्यासाठी!

कोब्यानं एकदा कान हलवला. उठला नाही. मी वाट पाहत होते की आता जाईल, मग जाईल. तो आपला पडूनच. ती आपली हूक लावतेय. एक ब्लाउज झाला, दुसरा काढला. तिच्या अंगठ्याच्या बुडाशी पांढरा वण दिसत होता. तिलाही कुणाचं पत्र आलेलं नाही, हे न विचारता समजत होतं. पाण्यावर टिटव्या ओरडत होत्या.

मला बसून बसून कसंतरी व्हायला लागलं. मग मीच उठले, चालत गेले आणि तिच्याशेजारी बसले. तिनं पिशवी थोडी सरकवून जागा केली, बघितलं नाही.

"युवराज येणार नाही," मी म्हटलं.

कुणी विचारलं नव्हतं. ती हूक लावत राहिली. मग मी सगळंच सांगितलं. प्रोजेक्ट, लातूर, भाड्याचा फ्लॅट, व्हिसाचे नसलेले कागद, तीन रविवार न आलेला फोन. मध्ये रडलेही, भर दुपारी, कट्ट्यावर. तिनं दोरा दातानं तोडला आणि शिवणातल्या तुकड्याचं फडकं माझ्या हातात दिलं, डोळे पुसायला. ऊन उतरेपर्यंत बसलो होतो.

कोब्या मात्र शेवटपर्यंत जागचा हलला नाही. इतकी शहाणी बाई त्याच्यासाठी दुपारभर बसून राहिली आणि त्या मूर्खाला उठून चार पावलं जाववलं नाही. असो, त्याला अजून वेळ लागेल. पुढच्या रविवारीही ती येणार आहे. मी तिला रव्याचे लाडू देणार आहे, डबा भरलेला आहे.